बागेतल्या सिम-राउटरसाठी

देवगडच्या बागेत सिमचा राउटर लावताय, तर एपीएनचा (मोबाइल कंपनीच्या इंटरनेटला जोडणाऱ्या सेटिंगचा) प्रोटोकॉल ‘आयपीव्ही४/आयपीव्ही६’ (इंटरनेट पत्त्याच्या जुन्या-नव्या दोन्ही पद्धती) ठेवा. नुसतं आयपीव्ही४ ठेवलंत तर आयपीव्ही६ पत्ता मिळणारच नाही.

एपीएनचं नाव बदलून वेग वाढतो, ही समजूत मात्र सोडा. वेग ठरतो सिग्नल, बँड (रेडिओ लहरींचा पट्टा) आणि टॉवरवरच्या गर्दीवर. राउटरच्या पानावर आरएसआरपी (सिग्नलची ताकद, डीबीएममध्ये) बघा: −९५ ठीक, −११० च्या खाली गेला की जागा बदला. जांभ्याच्या जाड भिंतीमागे नको, टॉवरकडच्या खिडकीत उंचावर ठेवा. बँड ४० (२३०० मेगाहर्ट्झ) वेगवान, पण डोंगर आडवा आला की दमतो. बँड ५ (८५०) लांब पोचतो, वेग कमी. राउटर एकेका बँडवर लॉक करून (फक्त तोच वापरायला लावून) सकाळी आणि रात्री, दोन्ही वेळा मोजा.

मुंबईहून कॅमेरा बघायचाय? वॅन आयपी (राउटरला कंपनीकडून मिळालेला आयपीव्ही४ पत्ता) १००.६४ ते १००.१२७ मधला किंवा १० ने सुरू होणारा असेल, तर खरा पत्ता कंपनीकडे आहे आणि तो अनेकांत वाटलेला आहे. मग पोर्ट फॉरवर्डिंगवर (बाहेरून आलेली जोडणी कॅमेऱ्याकडे वळवण्यावर) वेळ घालवू नका, आयपीव्ही४ वरून बाहेरचं कोणी आत येणारच नाही. कॅमेऱ्याचं क्लाउड अ‍ॅप वापरा, नाहीतर राउटरवरून बाहेरच्या सर्व्हरला वायरगार्ड (एक व्हीपीएन, म्हणजे सुरक्षित खासगी जोडणी) जोडा. त्यात कीपअलाइव्ह (जोडणी जागी ठेवणारा ठरावीक वेळाचा संदेश) २५ सेकंद ठेवायला विसरू नका. नाहीतर वाट मिटते आणि कॅमेरा गप्प होतो.