पक्षीनिरीक्षण सुटून बरीच वर्षं झाली, आता पुन्हा सुरुवात कशी करू?

तुम्ही लिहिलंय की दुर्बीण आणि वही पाच-सहा वर्षं कपाटात पडून आहेत, निम्म्या पक्ष्यांची नावं आठवत नाहीत आणि नेरुळला राहता. पुन्हा सुरू करायचं म्हणून पहिल्याच रविवारी उजनी धरणाकाठचं भिगवण गाठू नका. तिथे सगळे ओळखणारे भेटतात आणि आपण उगाच खट्टू होऊन परततो.

आधी दुर्बीण बघा. आपल्याकडच्या पावसाळ्यात बंद कपाटातल्या भिंगांना बुरशी धरतेच. मोठं भिंग डोळ्यासमोर येईल अशी उलटी धरून उजेडाकडे बघा. आत कोळिष्टकासारखे धागे दिसले तर घरी स्क्रू उघडू नका, दुरुस्तीवाल्याकडे द्या. स्वच्छ असेल तर घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल घालून ठेवा. कॅमेरा मात्र इतक्यात घेऊ नका. फोटोच्या नादात बघणं राहतं.

नावं विसरली तरी कान सहसा विसरत नाहीत. पंधरा मिनिटं गॅलरीत बसा. तांबटाची टुकटुक, भारद्वाजाचा घुमणारा आवाज, कोकीळ हे सोसायटीतच भेटतात. ऑक्टोबरनंतर धोबी पक्षी (वॅगटेल) येतात, तेव्हा सुरुवात केलीत तर उत्साह टिकतो.

आणि नेरुळकरांना रोहित पक्ष्यांसाठी (फ्लेमिंगोंसाठी) लांब जायची गरजच काय? ओहोटीला ते ठाणे खाडीच्या चिखलावर चरतात आणि भरतीने चिखल बुडाला की नेरुळ-सीवूड्सच्या पाणथळींवर येऊन टेकतात. म्हणजे तुम्हाला भरती हवी. कोळ्यांचा हिशेब सोपा आहे, तिथीची पाऊणपट. एकादशीला अकराची पाऊणपट म्हणजे भरती साधारण सव्वाआठला. खाडीत थोडी उशिरा धरा. एकादशी रविवारी आली तर चहा घेऊन निघायचं, बस. चोच गर्द लाल-काळपट दिसली तर लहान रोहित, गुलाबी आणि फक्त टोकाला काळी असेल तर मोठा. दुर्बिणीची आणि डोळ्यांची पहिली परीक्षा म्हणून हा फरक छान आहे. (ही खाडी 2015 मध्ये अभयारण्य आणि 2022 मध्ये रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ, झाली. त्या आधीच्या तुमच्या नोंदी असतील तर वही जपून ठेवा.)

वहीत मधल्या वर्षांची पानं भरून काढायचा खटाटोप नको. आजची तारीख टाका आणि पुढे चला. जुन्या नोंदी मात्र ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर मागच्या तारखेने भरता येतात. तारीख, जागा आणि संख्या लिहिलेली असेल तर त्या आजही कामाच्या आहेत. काही नावं बदललेली दिसतील, गायबगळ्याचे तर आता पूर्वेचा आणि पश्चिमेचा असे दोन केलेत. आपल्याकडचा पूर्वेचा. एका संध्याकाळी वहीतली दोन-तीन पानंच घ्या, सगळी एकदम नको.