काउजच्या गर्दीत सुकाणू धरण्यापूर्वी

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद. काउजहून सुटून इंग्लंडच्या आयल ऑफ वाइट बेटाला वळसा घालणाऱ्या राउंड द आयलंड शर्यतीत तुमची नोंदणी झाली आणि ३५ फुटी क्रूझिंग (म्हणजे शर्यतीपेक्षा सफरीसाठी बांधलेल्या) बोटीचं सुकाणू तुझ्याकडे आलं, हे वाचून फार बरं वाटलं. वारा जोराचा निघाला आणि चहूकडे बोटीच बोटी असल्या तर काय करायचं, असं तू विचारलं आहेस. तेवढंच लिहितो.

‘पहिल्यांदाच जाते आहेस, जिंकण्याचा विचार सोड’ असं मी सांगणार नाही. तिथे हँडिकॅपने, म्हणजे बोटीच्या वेगक्षमतेनुसार वेळ जुळवून, निकाल लागतो, त्यामुळे जड बोटीलाही चांगला क्रमांक मिळू शकतो. १९३१ साली पहिली शर्यत झाली तेव्हा २५ बोटी उतरल्या होत्या आणि जिंकली ती २२ फुटांची एक कॉर्निश मासेमारी बोट. आता हजाराच्या आसपास बोटी असतात. पण जोराच्या वाऱ्यात क्रूझिंग बोटीचा वेळ जातो तो कमी वेगामुळे नाही, बोट ताब्यात न राहिल्यामुळे जातो. म्हणून त्या दिवशीचा प्रत्येक निर्णय गरज पडण्याच्या आधी घ्यायचा.

पहिला निर्णय शिडाचा. वारा १४ नॉटचा (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) २० झाला की शिडावरचा दाब दुप्पट होतो. मुंबईच्या बंदरात डिंगी चालवताना तू अंग बाहेर टाकून तोल सांभाळायचीस. इथे सहाएक टनांची बोट तुमच्या सहा जणांच्या वजनाला दाद देणार नाही. २५ अंशांच्या पुढे कलली की ती वेगाने जाते असं फक्त वाटतं. प्रत्यक्षात किल (बोटीच्या तळाचा जड पंखा) बाजूला घसरते, बोट सारखी वाऱ्याकडे वळायला बघते आणि तिला अडवायला तू सुकाणू आडवं धरून ठेवतेस, म्हणजे पाण्यात ब्रेकच लावतेस. अंदाज २० नॉटच्या वरचा असेल तर पहिला रीफ (मुख्य शिडाचा खालचा भाग बांधून ते लहान करणं) धक्क्यावर बांधूनच निघा. वारा पडला तर रीफ सोडायला दोन मिनिटं लागतात. तोच रीफ सुरुवातीच्या गर्दीत घ्यायचा म्हटलं तर दोन माणसं डोलकाठीपाशी अडकतात आणि पुढे बघायला कुणी उरत नाही.

हॅलयार्डवर (शीड वर चढवण्याच्या दोरीवर) प्रत्येक रीफसाठी रंगीत दोऱ्याची खूण शिवून घे. शीड उतरवताना खूण क्लचपाशी (दोरी पकडणाऱ्या खटक्यापाशी) आली की थांबायचं, शिडाचं पुढचं कडं हुकात अडकवायचं, हॅलयार्ड ताणायचा आणि मगच मागची रीफची दोरी विंचवर (दोरी ताणायच्या चरकावर) घ्यायची. हा क्रम चुकला की शीड फाटू शकतं. जेनोआ (पुढचं मोठं शीड) गुंडाळून लहान केलास तर शीटची (शीड ओढायच्या दोरीची) गाडी रुळावर पुढे सरकवायला विसरू नकोस. नाहीतर शिडाचा वरचा भाग फडफडत राहील आणि तुम्ही शीट उगाच ओढत बसाल.

आता मुख्य गोष्ट. सोलेंटमध्ये (बेट आणि मुख्य भूमी यांमधल्या सामुद्रधुनीत) नैऋत्येचा वारा असेल तर सुरुवातीपासून नीडल्सपर्यंत, म्हणजे बेटाच्या पश्चिम टोकाच्या खडकांपर्यंत, वाऱ्यावर टॅक मारत (वाऱ्याच्या दिशेने नागमोडी वळत) जावं लागतं, आणि हजारभर बोटी एकमेकींना छेदत असतात. तुझी बोट पोर्ट टॅकवर (वारा डावीकडून), समोरची स्टारबोर्डवर (वारा उजवीकडून): वाट तू द्यायची, हे तुला पाठ आहे. पण दोघी ६ नॉटने येत असाल तर १०० मीटरचं अंतर वीस-पंचवीस सेकंदांत संपतं. तू तिच्या मागून जायचं ठरवतेस, चाक फिरवतेस आणि बोट वळतच नाही. मेनसेल (मुख्य शीड) घट्ट ओढलेलं, बोट कललेली, रडर (सुकाणूचं पाण्यातलं पातं) अर्धा पाण्याबाहेर. चाक पूर्ण फिरवलं तरी बोट वाऱ्याकडेच जाते, म्हणजे थेट त्या दुसऱ्या बोटीच्या अंगावर.

यावर उपाय एकच. आधी मेन सोडायचं, मग चाक फिरवायचं. मेनशीटवर (मेनच्या दोरीवर) तुझ्या सर्वात शांत डोक्याचा माणूस बसव आणि वाऱ्यावर असेपर्यंत त्याला दुसरं कोणतंही काम देऊ नकोस. ‘मेन!’ एवढाच शब्द ठरवून ठेवा. तो ऐकला की हातभर नव्हे, चांगली वावभर शीट सुटली पाहिजे. बोट सरळ होते, रडरला पकड मिळते, मग ती वळते. आदल्या दिवशी मोकळ्या पाण्यात एखाद्या बॉयाला (तरंगत्या खुणेला) बोट समजून हे इतक्यांदा करा, की सांगावं लागू नये. बाकी सगळा सराव राहिला तरी चालेल.

दुसऱ्या एकाला वाऱ्याआडच्या बाजूला, जेनोआच्या खालून बघायला बसव. क्रूझिंग बोटीचा मोठा जेनोआ तुझी अर्धी दुनिया झाकतो. त्या माणसाने ‘बोट आहे’ असं सांगून उपयोग नाही. ‘स्टारबोर्डवर, सहा बोट-लांब्या, आपल्या पुढून जाते आहे’ असं सांगायला शिकव. स्प्रेहूड (तुषार अडवणारं कापडी छत) खाली पाड. नांगर नाळेवर लटकत असेल तर काढून आत बांध. गर्दीत तो दुसऱ्याचं रेलिंग उखडतो.

सुरुवातीबद्दल थोडंच सांगतो. शर्यत ओहोटीच्या पश्चिमेकडे जाणाऱ्या ओढीवर सुरू होते, म्हणजे पाणी तुला रेषेपलीकडे ढकलत असतं. उधाणाच्या दिवसांत ही ओढ तुझ्या अंदाजापेक्षा जास्त असेल. पहिल्या रांगेचा मोह नको. अर्धं मिनिट मागे राहा, पण दोन्ही बाजूंना मोकळी जागा आणि स्वच्छ वारा घेऊन, पूर्ण वेगात रेषा ओलांड. रेषा लवकर ओलांडणाऱ्यांचं काय होतं ते सूचनापत्रात आदल्या रात्री वाचून ठेव. आणि मोठी जहाजं: १५० मीटरपेक्षा लांब जहाजाच्या पुढे १००० मीटर आणि दोन्ही बाजूंना १०० मीटर जायचं नाही. तिथे शर्यतीचा कुठलाही नियम तुझ्या मदतीला येणार नाही.

नीडल्सच्या आधी, हर्स्टच्या चिंचोळ्या भागात ओढ सर्वात जोरात असते आणि समोरून वारा आला की लाटा आखूड आणि उभ्या होतात. तिथे वाऱ्याला फार चिकटू नकोस, थोडं सैल धरून वेग टिकव. थांबलेली जड बोट पुन्हा चालायला लागेपर्यंत तीन लाटा तिला थोपवतात. नीडल्सच्या दीपस्तंभाला खेटून जाणारे पुष्कळ दिसतील. तिथेच पश्चिमेला ‘वार्वासी’ या १९४७ साली बुडालेल्या ग्रीक जहाजाचे अवशेष पाण्याखाली आहेत आणि त्यांनी कितीतरी बोटींचे किल फोडले आहेत. पुढच्याचं बघून शिरू नकोस. बाहेरून जाण्यात मिनिट-दोन मिनिटं गेली तर गेली.

नीडल्स ओलांडल्यावर वारा मागे येतो, बोट सरळ होते, सगळ्यांना हायसं वाटतं आणि कुणीतरी स्पिनेकर (मागच्या वाऱ्यासाठीचं मोठं फुगीर शीड) काढायला धावतं. जोराच्या वाऱ्यात माझं मत स्पष्ट आहे: नको. ३५ फुटी क्रूझर पांढऱ्या शिडांवरच (मेन आणि जेनोआ) पाण्यातल्या आपल्या कमाल वेगाजवळ पोहोचलेली असते. बेटाच्या दक्षिण टोकाशी, सेंट कॅथरीन्सजवळ पाणी उसळतं, म्हणून तिथे सगळ्यांच्या लाइफलाइन अडकवलेल्या हव्यात. जाइब (वारा मागे ठेवून शिडाची बाजू बदलणं) करावी लागली तर मेन आधी मध्यभागी ओढून घ्या, डोकी खाली ठेवा आणि बोट लाटेवरून वेगात घसरत असताना वळा. वेगात असताना शिडावरचा दाब कमी असतो. धीर होत नसेल तर वाऱ्यावर वळून टॅक मारा. शर्यतीत ते चालतं आणि बूम (मेनखालचा आडवा दांडा) शाबूत राहतो.

बेटाच्या पूर्व टोकाचा बेंबरिज लेजचा बॉया वळलात की सगळे दमलेले असतात, आणि चुका इथेच होतात. उलटी ओढ टाळायला लोक किनाऱ्यालगतच्या राइड सँड्सच्या उथळ पाण्यात शिरतात. तूही शीर, पण किलखाली किती पाणी उरलं की वळायचं तो आकडा सकाळीच लिहून चिकटव आणि एकाने खोली मोठ्याने वाचत राहायची. तो आकडा आला की वाद न घालता टॅक मारायचा.

खाणं सकाळीच हाताशी ठेवा, पोळीचे रोल बरे. बोट लागण्याची गोळी निघण्यापूर्वी घ्यायची, मळमळायला लागल्यावर नाही. आणि मधेच परतायचं ठरलं तर शर्यतीच्या कार्यालयाला ताबडतोब कळवायचं. नाहीतर तुम्ही धक्क्यावर चहा पीत असाल आणि तिकडे तुम्हाला शोधायला बोट निघालेली असेल.

तुमच्या बोटीला दुसऱ्या रीफची दोरी ओवलेली आहे का? भाड्याच्या बोटींमध्ये बहुतेक वेळा नसते. शुक्रवारी बघून मला कळव. नसेल तर दोरी किती लांब आणि किती जाड लागेल ते फोनवर सांगतो.

तुझा,
काका