वाचकांचे प्रश्न : वनाच्छादन वाढते, मग जंगल कमी का दिसते?

प्रश्न : देशातील वनाच्छादन वाढत असल्याचे सरकारी अहवालांच्या बातम्यांत वाचनात येते. प्रत्यक्षात मात्र गावाकडे जाताना ओळखीचे जुने जंगल दर वर्षी विरळ होत चाललेले दिसते. यातले खरे काय मानावे?

उत्तर : दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, घोळ आहे तो ‘वन’ या शब्दात. देहरादून येथील भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था १९८७ पासून साधारणपणे दर दोन वर्षांनी देशाच्या वनस्थितीचा अहवाल काढते. उपग्रहाच्या चित्रात एक हेक्टर किंवा त्याहून मोठ्या ज्या जमिनीवर किमान दहा टक्के भागावर झाडांच्या शेंड्यांची सावली आहे, ती सर्व जमीन या मोजणीत वनाच्छादनात धरली जाते. जमीन कोणाच्या मालकीची, तिचा वापर कशासाठी होतो आणि तिच्यावर झाडे कोणती आहेत, हे तेथे पाहिले जात नाही. त्यामुळे कोकणातील आंब्याची बाग, केरळातील रबराचा मळा, कोडगूमधील कॉफीची सावली आणि सह्याद्रीतील शतकानुशतके उभे असलेले सदाहरित रान ही सारी एकाच बेरजेत येतात.

२०२३ च्या अहवालानुसार हे वनाच्छादन ७,१५,३४३ चौरस किलोमीटर, म्हणजे देशाच्या भूभागाच्या २१.७६ टक्के आहे. १९८८ च्या राष्ट्रीय वननीतीने ठेवलेले उद्दिष्ट एक-तृतीयांश भूभागाचे होते. पण माझ्या मते या बेरजेपेक्षा तिची फोड अधिक बोलकी आहे. सत्तर टक्क्यांहून अधिक सावली असलेले ‘अति घनदाट’ वन २०२१ च्या अहवालात देशाच्या भूभागाच्या अवघे ३.०४ टक्के होते, तर दहा ते चाळीस टक्के सावलीच्या ‘विरळ’ वनाचा वाटा त्याच्या तिपटीहून मोठा होता. एखाद्या खोऱ्यातील जुने जंगल तुटले आणि दुसऱ्या तालुक्यात तेवढ्याच क्षेत्रावर बागा उभ्या राहिल्या, तर एकूण आकडा जागचा हलणार नाही. आपल्या डोळ्यांना मात्र जे गेले ते दिसेल. (याच्या उलट गंमत ‘नोंदीतील वना’ची आहे. सरकारदप्तरी वन म्हणून नोंदलेल्या सुमारे पावणेआठ लाख चौरस किलोमीटर जमिनीपैकी काही भागावर बर्फ आहे, काही भागावर नुसते खडक आहेत.)

प्रश्न : जंगलामुळे पाऊस पडतो, असे आम्ही शाळेत शिकलो आणि आता मुलांना तेच शिकवतो. हे कितपत बरोबर आहे?

उत्तर : हे विधान थोडे बदलून शिकवावे, असे मी सुचवीन. आपला मोसमी पाऊस समुद्रावरून येतो. ते बाष्पाने भरलेले वारे सह्याद्रीच्या भिंतीला अडून वर चढतात, थंड होतात आणि बरसतात. डोंगर उघडा असला तरी हे घडेलच. पानांवाटे हवेत परत जाणाऱ्या बाष्पाचा आसपासच्या आर्द्रतेला हातभार लागतो हे खरे, पण जंगलाचे मोठे काम पाऊस पडून गेल्यानंतर सुरू होते.

आषाढातल्या एखाद्या जोरदार सरीत मिश्र जंगलात उभे राहून पाहावे. पाण्याचा थेंब आधी वरच्या शेंड्यांवर फुटतो, मग मधल्या थरातील झाडांवरून घसरतो, कारवीच्या दाटीत अडकतो आणि अखेरीस पाचोळ्यावर येऊन टेकतो. त्याखालची माती मुळ्यांनी, वाळवीने आणि गांडुळांनी इतकी पोखरलेली असते की पाणी वाहून जाण्याऐवजी आत उतरते. आता त्याच सरीत एकट्या सागाची, खाली झुडूप न राहिलेली लागवड पाहावी. सागाच्या रुंद पानावर बारीक थेंब गोळा होऊन टपोरे होतात आणि इतक्या उंचीवरून उघड्या जमिनीवर आदळतात की खोडांच्या बुंध्याशी लाल चिखलाचे शिंतोडे उडालेले दिसतात. दोन्हीकडे झाडे आहेत, उपग्रहाच्या चित्रात दोन्हीकडे सावली आहे. परंतु एका ठिकाणचा ओढा माघातही झिरपत राहतो आणि दुसऱ्या ठिकाणचा दिवाळीनंतर आटू लागतो. गोदावरी, भीमा, कृष्णा आणि कावेरी या पूर्ववाहिनी नद्या सह्याद्रीच्या माथ्यावर उगम पावतात. तेव्हा हा फरक केवळ डोंगरातल्या वाडीपुरता राहत नाही.

झाडे पाणी धरतात, तशी ती पितातही, हेही मुलांना सांगायला हरकत नाही. तमिळनाडूतील निलगिरी पर्वतात गवताळ उतारांवर निलगिरीच्या झाडांची दाट लागवड झाली, तेथे ओढ्यांचे पाणी घटल्याचे मोजमापांतून दिसून आले आहे.

प्रश्न : रस्त्यासाठी किंवा खाणीसाठी जंगल तोडले, तरी त्याच्या बदल्यात अन्यत्र अधिक झाडे लावली जातात. मग नुकसान भरून निघत नाही का?

उत्तर : कायद्याच्या हिशेबात निघते. १९८० च्या वन (संवर्धन) अधिनियमाखाली (२०२३ पासून त्याचे नाव ‘वन (संरक्षण एवं संवर्धन) अधिनियम’) वनजमीन अन्य कामाला देताना पर्यायी वनीकरणाची अट घातली जाते आणि त्यासाठी जमा होणाऱ्या निधीकरिता २०१६ मध्ये स्वतंत्र कायदाही झाला. निसर्गाच्या हिशेबाचे मात्र एक उदाहरण देतो.

धनेश पक्ष्याची मादी बेहड्यासारख्या जुन्या, मोठ्या झाडाच्या ढोलीत शिरते आणि विष्ठा व फळांचा गर यांनी ढोलीचे तोंड लिंपून आतून बंद करते. उरते ती चोच बाहेर काढता येईल एवढी फट. पुढे कित्येक आठवडे नर उंबर, वड, पिंपरी यांची फळे आणून त्या फटीतून तिला भरवतो. या साऱ्याला दोन गोष्टी लागतात : ढोली पडण्याइतके म्हातारे झाड आणि एकामागून एक फळांवर येणारी उंबरवर्गीय झाडे. उंबराला फळ धरायचे तर त्याच्या स्वतःच्या जातीची चिमुकली गांधीलमाशी हवी. आणि मोठ्या बियांची जंगली फळे गिळून त्या दूरवर टाकायला पुन्हा धनेशच हवा. नव्या लागवडीत दहापट रोपे असतील, पण ढोली एकही नसते आणि पुढची अनेक दशके ती असणारही नाही. कार्बनची गोष्टही अशीच आहे. आपल्या वनांत साठलेल्या कार्बनपैकी निम्म्याहून अधिक मातीत आहे, आणि ती माती रोपांच्या ट्रकमधून येत नाही.

प्रश्न : आमच्या गावाजवळ बरेच मोठे गवताळ माळरान पडीक आहे. यंदा तेथे तरुण मंडळाकडून वृक्षारोपण करावयाचे आहे. कोणती झाडे लावावीत?

उत्तर : शक्य असेल तर लावू नयेत. महसूल दप्तरात पडीक म्हटलेले माळरान हे बिघडलेले जंगल नसून कमी पावसाच्या प्रदेशातली स्वतंत्र परिसंस्था असते. तणमोर व धाविक हे पक्षी, लांडगा आणि खोकड यांना उघडे गवतच लागते. माळढोक तर झाडांची दाटी झालेल्या जागी टिकत नाही. मंडळाला काम हवेच असेल, तर उन्हाळ्यात लागणारे वणवे अडवावेत, बी गळून पडेपर्यंत गवताची कापणी थांबवावी आणि आधीच कोणी सुबाभूळ किंवा गिरिपुष्प लावले असेल, तर ते माळावर पसरू देऊ नये. रोपे आणलेलीच असतील, तर ती गावातल्या रस्त्याकडेला आणि शाळेच्या आवारात लावावीत.