रॉकीज ओलांडण्याआधी टाकीचा हिशेब

छोट्या विमानातून अमेरिकेतली रॉकीज पर्वतरांग ओलांडायची असेल, तर नकाशावरचं अंतर बाजूला ठेवा, आधी चढाई बघा. टर्बो (इंजिनात जास्त हवा दाबून भरणारा पंखा) नसलेलं ८० अश्वशक्तीचं इंजिन १०,००० फुटांवर जेमतेम ५५ देतं. त्या उंचीवर प्रमाण तापमान, म्हणजे हिशेबासाठी ठरवलेलं सरासरी तापमान, उणे ५ अंश सेल्सिअस असतं. दुपारी २० अंश असेल, तर गरम हवा विरळ असल्याने दर जादा अंशाला १२० फूट धरून विमानाला ती उंची १३,००० फुटांसारखी वाटते. चढाई मिनिटाला १५०-२०० फुटांवर येते, आणि वाऱ्याआडच्या उतारावरचा खाली जाणारा झोत त्याहून जोरदार असू शकतो. म्हणून कोलोरॅडोत ला व्हेटा खिंडीसारखी खालची वाट धरा, सकाळीच निघा. शिखरांवर २५ नॉटच्या (ताशी सुमारे ४६ किमीच्या) वर वारा असेल तर थांबा. कडा ४५ अंशात तिरका गाठा, म्हणजे वळून परत फिरता येतं.

आता पेट्रोल. ६० लिटरमधून न वापरता येणारं ३, चढाईचं ६ आणि पाऊण तासाची राखीव ११ लिटर वजा केली की ४० उरतात. ताशी १५ लिटर खर्च, १६० किमी वेग: पल्ला साधारण ४२५ किमी. समोरून ४० किमीचा वारा आला की तोच ३२०! मी तरी २५० च्या आतच धावपट्टी शोधेन. उंचीवर इंजिनात जाणारं हवा-पेट्रोलचं मिश्रण पातळ केलं नाही, म्हणजे त्यातलं पेट्रोल कमी केलं नाही, तर हे आकडेही खोटे ठरतात.