तक्रारीचा पत्ता चालू असलाच पाहिजे

प्रश्न : इतवारीत आमचा किराणा मालाचा ठोक व्यापार आहे. आमच्या डोमेनसारखेच (ईमेल पत्त्यातील '@' नंतरच्या नावासारखेच) दिसणारे डोमेन वापरून कोणीतरी 'आमचे बँक खाते बदलले आहे' असे बनावट ईमेल आमच्या ग्राहकांना पाठवले. ते ज्या सर्व्हरवरून निघाले, त्याच्या 'अब्यूज' पत्त्यावर आम्ही मूळ ईमेल जोडून तक्रार केली. ती '५५०' हा आकडा आणि 'स्पॅम म्हणून नाकारले' असा शेरा घेऊन परत आली. तक्रार घेणे त्यांच्यावर बंधनकारक नाही का?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : ईमेलच्या जगातील संकेतांनुसार आहे. एसएमटीपीचे, म्हणजे सर्व्हरांनी एकमेकांना ईमेल पाठवण्याच्या पद्धतीचे, नियम सांगणाऱ्या आरएफसी ५३२१ या २००८ च्या दस्तऐवजात (आरएफसी म्हणजे इंटरनेटचे तांत्रिक संकेत नोंदवणारी क्रमांकित दस्तऐवजमालिका), ईमेल स्वीकारणाऱ्या किंवा पुढे पाठवणाऱ्या प्रत्येक सर्व्हरवर 'पोस्टमास्टर' हा, त्या सर्व्हरच्या ईमेल व्यवस्थापकाशी संपर्क साधण्याचा, पत्ता असलाच पाहिजे, असे स्पष्ट म्हटले आहे. सर्व्हरवर हल्ला होत असेल तर त्या पत्त्यावरचे ईमेल अडवण्याची मुभा आहे, पण त्यात हल्ल्याशी संबंध नसलेली पत्रे अडकू नयेत, अशी अपेक्षाही तिथेच नोंदवली आहे. गैरवापराच्या तक्रारींसाठीचे 'अब्यूज' हे नाव १९९७ च्या आरएफसी २१४२ ने ठरवून दिले. हा कायदा नव्हे आणि तो मोडल्याबद्दल कोणी दंड करत नाही. परंतु एकमेकांना न ओळखणारे लक्षावधी सर्व्हर परस्परांचे टपाल घेतात ते याच संकेतांच्या भरवशावर, म्हणून ज्याला इतरांच्या दारात ईमेल टाकायचे आहेत त्याने त्यांचे गाऱ्हाणे ऐकलेच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

तुमच्या बाबतीत घडले ते असे दिसते. तक्रारीत पुरावा म्हणून मूळ बनावट ईमेल असणारच, आणि तो पाहताच स्पॅम फिल्टर तक्रारच फेटाळतो. 'अब्यूज' पत्त्याला नेहमीचा फिल्टर लावणे म्हणजे जी पत्रे घ्यायची तीच नाकारणे होय. पत्ता अस्तित्वात आहे, पण तक्रार पोहोचत नाही, ही स्थिती पत्ता नसण्याहून वाईट, कारण तक्रारदाराचा वेळ त्यात जातो.

आता मूळ ईमेलचा मजकूर न जोडता केवळ त्याचे संपूर्ण हेडर (ईमेलच्या प्रवासाची नोंद असलेला, एरवी न दिसणारा वरचा भाग) साध्या मजकुरात लिहून 'पोस्टमास्टर'कडे पाठवा. हेडरमधील 'रिसीव्ड' या ओळींपैकी, ईमेल स्वीकारताना ग्राहकाच्या ईमेल सेवेने घातलेल्या ओळीतलाच आयपी पत्ता (पाठवणाऱ्या सर्व्हरचा इंटरनेटवरील क्रमांक) विश्वासार्ह धरा; त्याखालच्या ओळी पाठवणाऱ्याला बनावट करता येतात. तो आयपी कोणाच्या नावावर आहे हे 'हूइज' या इंटरनेटवरील सार्वजनिक नोंदीत सापडते आणि बहुधा तक्रारीचा पत्ताही तिथेच असतो. बनावट डोमेन ज्या रजिस्ट्रारकडे (डोमेन नोंदवून देणाऱ्या कंपनीकडे) नोंदले आहे त्यालाही कळवा. एखाद्या ग्राहकाचे पैसे गेले असतील तर मात्र या पत्रव्यवहारात थांबू नका, त्याला लगेच १९३० या सायबर फसवणूक हेल्पलाइनवर फोन करायला सांगा.

तुमचा स्वतःचा ईमेल सर्व्हर असेल, तर बाहेरच्या एखाद्या खात्यावरून आपल्याच 'पोस्टमास्टर' आणि 'अब्यूज' या पत्त्यांवर, नमुन्याचा स्पॅम जोडून, एकेक ईमेल पाठवा आणि तो रोज उघडल्या जाणाऱ्या पेटीत येतो का, हे आजच पाहा.