सांडव्याला हात लावू नका: खासगी मातीच्या बांधांबद्दलच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न (ता. मुळशी): आमच्या जमिनीत ओढ्यावर साडेचार मीटर उंचीचा मातीचा बांध आहे. कृषी पर्यटन चालवतो. दिवाळीनंतरही होडी चालावी म्हणून सप्टेंबरमध्ये सांडव्यावर (जादा पाणी बाहेर जाण्याच्या वाटेवर) वाळूच्या गोण्या रचून दोन फूट पाणी वाढवायचे आहे. मासे वाहून जाऊ नयेत म्हणून जाळीही लावणार आहोत. जेसीबीवाला म्हणतो, काही होत नाही.

उत्तर: गोण्या नकोत, जाळीही नको. बांध फुटला तर जेसीबीवाला येणार नाही. खालच्या वस्तीला उत्तर तुम्हालाच द्यावे लागेल.

हिशेब बघा. पाणलोट 20 हेक्टरचा धरला, पाऊस तासाला 100 मिलिमीटरच्या वेगाने पडला आणि त्यातले 40 टक्के पाणी वाहून आले, तर सेकंदाला सुमारे 2.2 घनमीटर पाणी बांधाशी येते. सांडव्यावरून 30 सेंटिमीटर जाडीने ते काढायचे तर सांडवा 8 मीटर रुंद हवा. सांडव्याच्या काठापासून बांधाच्या माथ्यापर्यंत एक मीटर अंतर सोडलेले असते. त्यातले 30 सेंटिमीटर पुराचे. उरलेले लाटांसाठी आणि भराव दबतो त्यासाठी. तुम्ही 60 सेंटिमीटरच्या गोण्या रचल्या की पुराच्या वेळी माथ्याला 10 सेंटिमीटर उरतात. वाऱ्याची लाट तेवढी सहज येते. एकदा पाणी माथ्यावरून गेले की बाहेरचा उतार खालून वर कापत येतो आणि मातीचा बांध ते सोसत नाही.

वेळही चुकीची निवडली आहे. सप्टेंबरमध्ये तलाव काठोकाठ असतो, जमीन भिजून गच्च असते, पडलेले पाणी मुरत नाही, थेट वाहते. हस्ताचा पाऊस नेमका तेव्हाच येतो, दुपारी उघडीप आणि रात्री ढगफुटीसारखा. शेवटचे पाणी अडवायच्या नादात सांडवा बुजवायचा तो हाच काळ, आणि बांध जातात तेही याच काळात.

माशांच्या जाळीला पालापाचोळा, काटक्या, जलपर्णी अडकते आणि तासाभरात तिची भिंत होते. म्हणजे पुन्हा गोण्याच. मासे जातील तर जाऊ द्या. सांडव्याऐवजी 60 सेंटिमीटरचा सिमेंट पाइप टाकून देतो असे सांगणारे ठेकेदारही भेटतात. तो पाइप भरून वाहिला तरी सेकंदाला अर्धा-पाऊण घनमीटरच नेतो, वर तोंडाशी तुंबतो. सांडवा उघडाच हवा, आणि भरावावर नव्हे, बाजूच्या मूळ कठीण जमिनीत.

पाणी जास्त हवे असेल तर उन्हाळ्यात तलावातला गाळ काढा. त्यातही बांधाच्या आतल्या पायथ्यापासून निदान दहा मीटर सोडून खोदा. पायथा उकरून साठा वाढवणे म्हणजे बांधाचा पाय काढून घेणे.

प्रश्न (ता. भोर): बांधाच्या बाहेरच्या पायथ्याला ओल येते, एका जागी पाणी झिरपते. दुकानदाराने गळती बंद करायचे द्रावण आणि बाहेरून काळ्या मातीचा लेप सांगितला आहे.

उत्तर: दोन्ही नको. बाहेरून लेप दिला की पाणी आत कोंडते, ओल भरावात वर चढत जाते आणि उतार घसरतो. सिमेंटचे पाणी ओतूनही तेच. गळती थांबवायची ती आतल्या बाजूने, बाहेर फक्त पाण्याला वाट द्यायची.

आधी पाणी ओळखा. काचेच्या ग्लासात धरा. स्वच्छ असेल तर तेवढ्याने घाबरायचे कारण नाही, प्रत्येक मातीचा बांध थोडा पाझरतो. रोज एकाच वेळी बादली भरायला किती सेकंद लागतात ते वहीत लिहा आणि शेजारी तलावाची पातळी लिहा. पातळी तीच आणि बादली लवकर भरू लागली तर धोका. पाणी गढूळ असेल तर आतून माती वाहते आहे, बोगदा तयार होतो आहे. मग वही बाजूला ठेवा, तलाव उतरवायला लागा, खालच्या वस्तीला कळवा आणि 112 ला फोन करा.

गढूळ झऱ्यावर तात्पुरता उपाय एकच. त्यावर 15 सेंटिमीटर जाड वाळू, तिच्यावर 15 सेंटिमीटर खडी, वर दगड. पाणी निघू द्यायचे, माती अडवायची. हे बरोबर उलट्या क्रमाने, आधी दगड मग वाळू, टाकलेले सर्रास दिसते. त्याचा उपयोग शून्य.

पाणी उतरवायला भरावात चर खोदून पीव्हीसी पाइप घालू नका. नंतर घातलेल्या पाइपाच्या बाहेरून पाणी वाट काढते आणि बांध तिथेच फुटतो. आमचा आग्रह सायफनचा, म्हणजे माथ्यावरून पाणी ओढून पलीकडे खाली सोडणाऱ्या पाइपाचा आहे आणि प्रत्येक खासगी बांधावर तो पावसाळ्याआधी जोडून तयार असावा. 160 मिलिमीटरचा पाइप माथ्यावरून न्यायचा, दोन्ही टोकांना व्हॉल्व्ह, माथ्यावर पाणी भरायला टोपणाचा टी, आतल्या तोंडाला जाळीचा डबा, तोही गाळापासून अर्धा मीटर वर. बाहेरचे तोंड पायथ्याच्या पलीकडे ओढ्यात, दगडांवर सोडायचे. तलावाच्या पातळीपासून पाइपाचा माथा पाच मीटरपेक्षा उंच असेल तर सायफनचा भरवसा धरू नका. सेकंदाला 25 लिटरच्या आसपास पाणी गेले तर अर्ध्या हेक्टरचा तलाव 30 सेंटिमीटर उतरायला सोळा-सतरा तास लागतात.

एरवी दिवसाला 30 सेंटिमीटरपेक्षा जास्त उतरवू नका. पाणी झपाट्याने गेले की आतला ओला उतार आधार सुटून ढासळतो. गढूळ गळती असेल तेव्हा मात्र हा नियम सोडा, मिळेल तितके पाणी काढा.

चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण 2 जुलै 2019 च्या रात्री फुटले. तेही मातीचेच होते, आणि गळतीच्या तक्रारी गावकऱ्यांनी आधीच केल्या होत्या. तुमचा बांध त्यापेक्षा लहान आहे, पण खाली घर असेल तर घराला तो लहान नाही.

प्रश्न (ता. संगमेश्वर): पर्यटकांना सावली व्हावी म्हणून बांधावर आंबा, काजू आणि बांबू लावावा का? खेकड्यांची बिळेही आहेत.

उत्तर: बांधावर झाड नाही. झाड मेले की मुळे कुजतात आणि तिथे पाण्याची नळी तयार होते. वाऱ्याने उन्मळले तर भरावाचा लचका घेऊन जाते. सावली बांधापासून दहा मीटर पलीकडे करा. बांधावर हरळी लावा, तिच्याइतकी माती धरणारी आणि फुकट मिळणारी वस्तू दुसरी नाही. गवत आखूड ठेवा, म्हणजे बिळे, भेगा आणि ओल दिसते. खेकड्यांची आणि घुशींची बिळे नुसती वरून दगड कोंबून बुजत नाहीत. शेवटापर्यंत उकरा आणि 15 सेंटिमीटरच्या थरांनी ओलसर माती ठोकून भरा. माती मुठीत दाबल्यावर लाडू व्हावा आणि कमरेच्या उंचीवरून टाकल्यावर दोन-तीन तुकडे व्हावेत, एवढीच ओल. जेसीबीच्या बकेटने थापटणे म्हणजे दाबणे नव्हे.

प्रश्न (ता. जुन्नर): तलावात पोहणे आणि होडी सुरू करायची आहे. शेवाळ फार आहे. दुकानदार एकरी पाच किलो मोरचूद (कॉपर सल्फेट) टाका म्हणतो, जलपर्णीवर टू-फोर-डी हे तणनाशक.

उत्तर: मोरचूद एकरावर मोजत नाहीत, पाण्यावर मोजतात. एक एकर तलाव एक मीटर खोल असेल तर पाणी 40 लाख लिटर, तीन मीटर खोल असेल तर तिप्पट. एकरी ठरलेला डोस देणाऱ्याने तुमचे पाणी मोजलेले नाही. एक लाख लिटरला 100 ग्रॅम म्हणजे एक पीपीएम (दहा लाख भागांत एक भाग), आणि पाणी मृदू असेल तर तेवढे मोरचूदही माशांना मारू शकते. पाण्याची क्षारता तपासल्याशिवाय मोरचूद टाकू नका. टाकलेच तर एका वेळी तलावाच्या तिसऱ्या हिश्श्यात, उन्हाच्या सकाळी, पुढचा हिस्सा दहा-बारा दिवसांनी. सगळे शेवाळ एकदम मेले की कुजताना प्राणवायू संपतो आणि पहाटे मासे उलटे तरंगतात. ढगाळ, कुंद हवेत तर अजिबात नको. दुकानदाराचा डोस दुप्पट केला म्हणून शेवाळ दुप्पट जात नाही. शेणखत आणि खताचे पाणी वरून येते तोवर शेवाळ परत येणारच, ते आधी वळवा.

टू-फोर-डी जुन्नरच्या द्राक्षांच्या पट्ट्यात तलावावर मारू नका. वाऱ्याने गेलेला फवारा द्राक्ष, टोमॅटो, कापूस वाकडे करतो. जलपर्णी फुलण्याआधी हाताने काढा आणि ढीग पाण्यापासून लांब टाका, नाहीतर पहिल्या पावसात सांडव्याच्या तोंडाशी तीच येऊन बसते.

पोहण्याबद्दल. खरा धोका तळाच्या खड्ड्यांचा असतो. माती उचललेल्या जागी कमरेइतक्या पाण्यातून पुढचे पाऊल थेट पुरुषभर खोलीत जाते. तलाव कोरडा असताना उतरण्याची एक जागा सपाट करून घ्या, मुरूम पसरा, दीड मीटर खोलीवर तरंगत्या डब्यांची दोरी बांधा. तिच्या पलीकडे कोणी जाणार नाही. सायफनचे तोंड, मोटारीची जाळी आणि सांडवा यांच्याजवळ पोहणे बंद. सांडवा वाहत असेल त्या दिवशी तलावच बंद. पोहताना मोटार बंद, स्टार्टरला 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) असलाच पाहिजे. काठावर 20 मीटर दोरीची फेकायची रिंग आणि पोहता येणारा माणूस हवा. होडीत बसणाऱ्या प्रत्येकाला जॅकेट, मोठ्यांनाही. होडी वल्ह्याची किंवा पायडलची घ्या. इंजिनच्या लाटा आतल्या उतारावरची माती कापतात.

प्रश्न (ता. सिन्नर): प्लास्टिकच्या शेततळ्यात पाहुण्यांना पोहू द्यावे का? अनुदान मिळते का?

उत्तर: पोहू देऊ नका. ओल्या प्लास्टिकच्या कागदावरून पट्टीचा पोहणाराही वर येऊ शकत नाही, हात धरायला काही नसते. चारही बाजूंनी तळापर्यंत गाठींच्या दोऱ्या सोडा, टायर बांधा, भोवती कुंपण आणि कुलूप. वैयक्तिक शेततळ्याला महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरून अर्ज, जास्तीत जास्त 75 हजार रुपये. ओढ्यावरच्या बांधाला ते लागू नाही, तिथे आधी जलसंधारण विभागाला विचारा. पर्यटन असेल तर 2020 च्या कृषी पर्यटन धोरणाखाली पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करा. 2021 चा धरण सुरक्षा कायदा दहा मीटरपेक्षा कमी उंचीच्या बांधांना लागत नाही, म्हणजे तपासायला सरकारी माणूस येणार नाही. मृग लागण्याआधी आणि हस्ताआधी, वर्षातून दोनदा, स्वतः बांधावरून चालत जा आणि सांडव्यापासून सुरुवात करा.