आधी लॅपटॉपचं कुलूप काढा

प्रश्न : मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात जॉबर आहे. मुलाला बारावी सायन्सला ६४ टक्के, सीईटीला ५८ पर्सेंटाइल पडले. रात्ररात्र जागून गाण्यांचे रिमिक्स करतो, डीजेवाल्यांना हलगी मिक्स करून देतो. त्याच पैशातून लॅपटॉप घेतला. यूट्यूबवर एका मिक्सला तीन लाख व्ह्यूज आहेत, पण हातात रुपया नाही. पेटी-तबला शिकला असता तर एक वेळ चाललं असतं. निकालानंतर लॅपटॉप कपाटात कुलूपबंद केला, इंजिनिअर झाला नाहीस तर तोंड दाखवू नकोस म्हणालो. महिना झाला, बोलत नाही, ताट खोलीत नेतो. सीईटी रिपीट करायला लावणार आहे. हे खूळ कसं काढू?
– एक पालक, सोलापूर

उत्तर : महिनाभर पोरगं बोलत नाही, वेगळं जेवतं, हे तुम्ही शेवटी जाता जाता लिहिलंत. मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच वाटते. आज घरी गेलात की 'तोंड दाखवू नकोस' हे शब्द मागे घ्या. त्याच्यासमोर घ्या, आईकडून निरोप पाठवून नको. झोप उडाली असेल, जेवण तुटलं असेल, जगण्यात राम नाही असं काही बोलला असेल, तर रिपीटर बॅचच्या चौकशीआधी मानसोपचारतज्ज्ञ गाठा. टेलिमानस या मानसिक आरोग्य मदतसेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो, पैसे पडत नाहीत.

आणि लॅपटॉप त्याच्या कमाईचा आहे, हे तुम्हीच लिहिलंय. मग कुलूप कोणत्या हक्काने घातलंत? एवढ्या मोठ्या पत्रात त्याचं एखादं मिक्स तुम्ही बसून ऐकलंत असं कुठेच नाही. पेटी-तबल्याचं म्हणाल, तर १९८२ मध्ये चरणजित सिंग या मुंबईच्या वादकाने सिंथेसायझर आणि ड्रम मशीनवर रागच वाजवले होते. तबकडी तेव्हा चालली नाही, पण पुढे परदेशातल्या इलेक्ट्रॉनिक संगीतवाल्यांनी ती डोक्यावर घेतली.

तीन लाख व्ह्यूज असून रुपया नाही, म्हणजे या क्षेत्रात पैसाच नाही, हा तुमचा निष्कर्ष मात्र चुकीचा आहे. गाण्याच्या ध्वनिमुद्रणाचा हक्क बहुतेक वेळा कंपनीकडे असतो, शब्द आणि चालीचे हक्क वेगळे. परवानगीशिवाय केलेला रिमिक्स यूट्यूबची यंत्रणा ओळखते. जाहिरातीचे पैसे मूळ मालकाकडे जातात, नाहीतर व्हिडिओच उडतो. कंपनी स्वतः रिमिक्स करून घेते तेव्हा गायकाचा आवाज, ताल, बेस असे सुटे ट्रॅक देते, त्यांना स्टेम्स म्हणतात. त्या कामाचे बहुधा एकरकमी पैसे मिळतात आणि हक्क कंपनीकडेच राहतो. म्हणजे रिमिक्स ही हात दाखवायची जागा आहे, पोट भरायची नाही, आणि हे तुमच्या मुलालाही कुणीतरी स्पष्ट सांगायला हवं. स्वतःची चाल असेल तर गोष्ट बदलते: २०१२ च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्याने गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीचा वाटा राखून ठेवलाय. शिवाय संगीतकारांच्या हाताखाली संगणकावर वाद्यं-ताल रचून देणारे म्युझिक प्रोग्रामर लागतात, जाहिराती आणि मालिकांचं पार्श्वसंगीत असतं. स्थिर पगार यात क्वचितच मिळतो, हेही खरं.

सीईटी रिपीट? माझं मत नको असं आहे, पण ते त्याला विचारा. सोलापुरातच बीएस्सी फिजिक्स किंवा इलेक्ट्रॉनिक्स करता येईल. पुण्याच्या एफटीआयआय या सरकारी चित्रपट शिक्षणसंस्थेतल्या साउंडच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला पदवी कोणत्याही शाखेची चालते, पण बारावीला फिजिक्स लागतं. त्याचं सायन्स वाया गेलेलं नाही. म्युझिक प्रॉडक्शनच्या लाखालाखाच्या खासगी कोर्ससाठी मात्र आत्ता कर्ज काढू नका. सॉफ्टवेअर तो घरबसल्या शिकलाय. कच्चा असणार तो सुरात, कारण ठोका पक्का झाला की सुराकडे वळायचा बहुतेक पोरं कंटाळा करतात. त्याला कीबोर्डची शिकवणी लावा.

एक गोष्ट तुम्हीच त्याला शिकवू शकता, कान जपायला. ८५ डेसिबलचा आवाज आठ तास सोसण्याची मर्यादा धरतात, १०० ला ती पंधरा मिनिटांवर येते. मिरवणुकीत हा स्पीकरच्या भिंतीपुढे रात्र काढत असेल. यंत्रमागाच्या खात्यात जन्म काढलेल्या माणसांशी किती मोठ्याने बोलावं लागतं, हे तुमच्याइतकं कुणाला माहीत आहे? कारखान्यात कानात घालायला बोळे मिळत असतील, तर त्यालाही एक जोडी आणून द्या.